वेशीवरची कमान

“कमानीची एक चीपही हलवू देणार नाही!” नेनेकाका सभेत असे गरजले की शेजारच्या तालुक्यातली कबुतरं उडाली. आमची वसाहत सरकारनं वारसा म्हणून जपलेली. आतलं बंद इस्पितळ नव्यानं बांधायचं, तर अँब्युलन्ससाठी वेशीवरची बुटकी दगडी कमान उंच करावी लागणार होती. काकांनी बेत हाणून पाडला. टाळ्या वाजवून आमच्या तळहातांची सालटी निघाली. दगडाला माणूस किती जीव लावतो! दगडाला त्याचं काही नसतं.

टाळ्या थांबायच्या आत काका छाती धरून कोसळले. बोलावलेली अँब्युलन्स कमानीबाहेरच थांबली. काकू अनवाणी धावल्या, “अहो, आत या ना लवकर!”

ड्रायव्हर म्हणाला, “गाडी बसत नाही, मावशी. पेशंटला इथवर आणा.”