कोळशाला आंघोळ

पलूसकडच्या कारखाना वसाहतीत लीलाबाईंना ओळखत नाही असं घर नाही, आणि लीलाबाईंनी ज्याला कधी "हे असं कशापायी वो?" म्हणून विचारलं नाही असा माणूस नाही. एकदा लाइनमन खांबावर चढला होता, त्याला खालून म्हणाल्या, "लाईट गेली म्हणता, पर जाती कुठं?" तो बिचारा हातातली पक्कड सांभाळत हसत राहिला. सडा-रांगोळी, देवपूजा, भजनी मंडळ यात दिवस जाणारी बाई. पण डोकं सारखं कुठंतरी डोकावणारं.

नवरा कृष्णात बॉयलरवर हंगामी कामगार. ऊस संपला की काम संपलं. मग वळकटी बांधून तो हुबळीला पावसाळ्यातही चालणाऱ्या विटांच्या भट्टीवर जायचा, तो थेट दसऱ्याच्या सुमाराला उगवायचा. लेक क्रांती पहिलं पाऊल टाकायला शिकली तेव्हा तो तिकडे. सासू गेली तेव्हाही तिकडे. जावा चेष्टेनं विचारत, "लीला, औंदा दादला वळखलास का गं?" त्यावर या म्हणत, "आमचं लगीनच सहामाही हाय." म्हणायच्या हसून, पण देवापुढे बसल्या की मागणं तेवढंच असायचं, माझा माणूस घरी असू दे.

देवानं ऐकलं ते कोळशाच्या रूपात. कारखान्यानं वीज तयार करणारं युनिट घातलं. हंगामात त्यात उसाचा चोथा जाळायचा आणि ऊस संपला की दगडी कोळसा. वीज बारा महिने निघायला लागली आणि कृष्णात कोळशाच्या यार्डात कायमचा लागला. संध्याकाळी घरी यायचा तो पापण्यांपर्यंत काळा होऊन. लीलाबाई त्याचे कपडे वेगळे भिजवायच्या, वेगळे घासायच्या आणि नवल करायच्या. ज्यानं आपला संसार बारमाही केला, ते पेटतं तरी कसं, हे आपण कधी पाहिलंच नाही.

यंदा वैशाखात बातमी आली. केंद्र सरकारचा नवा नियम होता. कोळसा जाळणाऱ्या प्रत्येक चिमणीला धूर गाळायची यंत्रणा बसवा, नाहीतर कोळसा बंद. यंत्रणा लय महाग, आत्ता जमायची नाही, असं कारखाना म्हणत होता. कृष्णातानं चहाचा कप तसाच ठेवला. "म्हंजे परत हुबळी," एवढंच म्हणाला.

लीलाबाईंचा भाऊ आप्पासो त्या दिवशी वडूजहून आला होता. तो डोंगरावरच्या पवनचक्क्यांवर राखणदार. त्यानं मेव्हण्याला डिवचलंच. "दाजी, आमच्या वाऱ्याला ना मालगाडी लागती, ना फावडं."

"आन वारं पडल्यावर रं?" कृष्णात म्हणाला. "तुज्या चक्कीखाली तू एकटा काठी घिऊन बसतूस. हितं माझ्यासंगट किती जणांची चूल पेटती, ते बघ की."

लीलाबाईंना दोघांचंही पटलं, म्हणून त्यांनी दोघांपुढेही सारखाच चिवडा ठेवला.

आमदार वीरधवलदादांनी मात्र हा विषय मनावर घेतला होता. विधानसभेत बोलले, दिल्लीला जाऊन आले. वसाहतीत आले तेव्हा ओट्यावरच बसले. "डोंगराएवढ्या वीजघराला आन आपल्या एका चिमणीला एकच माप लावत्यात. उद्या हितला गडी परत परमुलखात गेला, तर त्याचं उत्तर दिल्ली देणार हाय का? केंद्राची समिती पाहणीला येतीया. नियम मागं घ्या, एवढंच मागायचं. आन वहिनी, तुमी दोघांनी त्या दिवशी बॉयलरची पूजा करायची."

आपल्याकडे बॉयलर पेटवण्याआधी जोडप्याच्या हातून पूजा होते, पण ती उसाच्या हंगामाची. कोळसा दरसाल मुकाट्यानं सुरू व्हायचा. त्याची पूजा कुणी केली नव्हती.

"कोळशाची पूजा?" लीलाबाईंचे डोळे चमकले. "चालंल? काळी वस्तू चौरंगावर?"

"ते तुमीच इचारा तुमच्या गुरुजींना," दादा हसले.

गंगाधर गुरुजी वाईचे. लीलाबाईंनी लगेच फोन लावला. "गुरुजी, शुभकार्याला काळं चालत नाही म्हणतात, मग कोळशाचं काय?"

"अहो, विठोबा कोणत्या रंगाचा आहे?" गुरुजी पलीकडून म्हणाले. "अग्नीचं अन्न आहे ते. शुद्ध करून घ्या आणि तांदळाच्या राशीवर ठेवा."

शुद्ध करून घ्या, हे लीलाबाईंच्या मनात पक्कं बसलं. कृष्णातानं आणलेला नारळाएवढा खडा त्यांनी आदल्या दिवशी सकाळीच घंगाळात ठेवला. पाणी काळं झालं, बदललं. पुन्हा काळं. मग दूध, दही, मध, साग्रसंगीत पंचामृत आणि वर गंगाजल. तरी पाणी काळंच. "असं कसं? किती धुवावं म्हंजे ह्याचं पाणी पांढरं यील?" म्हणून त्यांनी तो रात्रभर पाण्यातच राहू दिला. सकाळी पुसून, गंध लावून, लाल कापडात गुंडाळून निघाल्या.

मांडव बॉयलरच्या तोंडाशीच होता. लीलाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्या लोखंडी धुडाकडे मान वर करून पाहिलं. पूजा झाली. होमाच्या कुंडात लाकडं, गोवऱ्या रसरसल्या. समोर समिती, तिच्या प्रमुख सोनम मॅडम. दादा शुभ्र कपड्यांत उभे. लीलाबाईंनी कृष्णाताच्या हाताला हात लावला, त्यानं तो खडा कुंडात सोडला.

आणि कुंड जे फसफसलं! खडा तडकला, टवके उडाले आणि पिवळट धुराचा लोट उठला तो थेट पाहुण्यांच्या अंगावर. मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. दादांना ठसका लागला तो थांबेना, पांढऱ्या सदऱ्यावर काळे ठिपके.

"भिजवलास?" कृष्णात दातओठ खाऊन कुजबुजला. "कोळसा भिजवलास? ताडपत्र्या झाकून झाकून पावसाळ्यात आमचा जीव जातोय गं!"

"आंघोळ घातली," लीलाबाई पुटपुटल्या. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा मांडवच हसला.

मॅडम हसल्या नाहीत. डोळे पुसत त्या लीलाबाईंपाशी आल्या. "माताजी, सच बताइए, घर में भी धुआँ आता है? राख गिरती है?"

हसणं थांबलं. कृष्णातानं मान खाली घातली. दादा ठसका दाबून पाहत राहिले. लीलाबाईंना कळलं, 'नाही' म्हटलं तर माणूस घरी राहील. पण हाताला गंध, समोर अग्नी, आत्ताच संकल्प सोडलेला. आणि राख तर पडत होतीच. कुरडयांवर, पापडांवर, तुळशीच्या पानांवर. रोज सकाळी तुळस फडक्यानं पुसत होत्या की त्या.

"पडती," त्या म्हणाल्या. "वाळवणावर पडती, तुळशीवर पडती. माझा दादला खोकतो बी. पर बाई, ह्यो कोळसा नव्हता तवा तो वर्षातनं सा म्हैने परमुलखात हुता. आता घरी जेवतो. त्याला घरातनं काढू नगा, तेवढा धूर गाळा. दोनी न्हाईच का व्हायचं?"

दादांनीच ते हिंदीत सांगितलं. शब्द न गाळता सांगितलं, हे लीलाबाईंनी नंतरही प्रत्येकाला सांगितलं. मग ते भाषणाला उभे राहिले. खिशातला कागद काढला, पाहिला, परत ठेवला. "नियम मागं घ्या म्हणायला आलो हुतो. आता म्हणतो, नियम ठेवा, पर मुदत द्या, यंत्राला मदत द्या, आन एकाबी कामगाराचं नाव कमी हुणार न्हाई, हे लिवून द्या." खाली उतरताना लीलाबाईंना म्हणाले, "वहिनी, निम्मं भाषण खाल्लंत माझं."

"पंचामृत खाल्लं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "ते सगळं त्या खड्यानंच पिलं."

महिन्याभरानं उत्तर आलं. मदत मिळेल, नावं कायम राहतील. पण यंत्रणा बसेपर्यंत कोळसा जाळायचा नाही. म्हणजे यंदाचा पावसाळा कामाविना. वसाहतीत कुणी म्हणालं, लीलाकाकूंनी बरं केलं. कुणी नळावर त्यांना पाहून पाठ फिरवली. त्या पाठीचा त्यांना राग आला नाही. तिच्याही घरातला माणूस परमुलखात निघाला होता.

कृष्णातानं माळ्यावरची पिशवी काढून खाटेवर ठेवली, त्यात दोन सदरे घातले.

"माझी दोन लुगडी मावतील का त्यात?" लीलाबाईंनी विचारलं.

"कशाला?"

"मी बी येते."

"तू? भट्टीवर? तिथं पत्र्याची खोली, पाणी लांब. आन देवांचं काय?"

"बाळकृष्ण संगट घेते. बाकीच्यांना क्रांती बघल, आता कॉलेजला जाती ती, आन जावा हाईतच सोबतीला." त्या लुगड्याची घडी घालत होत्या. "येवढी वर्सं तुमी तिकडं कसं ऱ्हाता, काय खाता, कुणाशी बोलता, म्या नुसतं मनात चितारलं. खरं बोलले त्याचं मला वाईट न्हाई वाटत. वाईट वाटंल ते परत एकटं बसायचं. आन मला सांगा, वीट कच्ची असताना पावसात इरघळत न्हाई का वो?"

कृष्णातानं पिशवी जवळ ओढली. मग त्यानं आपला एक सदरा बाहेर काढला आणि जागा केली. "झाकून ठेवत्यात," तो म्हणाला. "आन हे बघ, तिथं कशालाबी आंघोळ घालायची न्हाई."