पोटातला मग्गा

तात्यापारा मोहल्ल्यातले आमचे शेजारी काका खिशात स्टीलचा पेला घेऊन फिरतात. टपरीच्या कागदी कपाला आतून प्लास्टिक असतं आणि गरम चहाबरोबर त्याचे कण पोटात जातात, हे वाचलं तेव्हापासून. मला एकदा थट्टेची लहर आली. म्हटलं, "काका, इतक्या वर्षांत पोटात न्हाणीतला प्लास्टिकचा मग्गा तयार झाला असंल."

काका हसले नाहीत. "हव," म्हणाले आणि पोट चाचपू लागले.

पुढे त्यांचं पोट खरंच दुखू लागलं. सोनोग्राफीला मलाच नेलं, कारण मग्ग्याचा शोध माझा. आधी भरपूर पाणी प्यायचं होतं. तिथं पाणी प्लास्टिकच्या बाटलीत, काका तोंड लावेनात. मग मी घरून माठातलं पाणी कळशीत भरून स्कूटरवर आणलं. निम्मं माझ्या पँटवर सांडलं.

टेबलावर पडल्यापडल्या काकांनी डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं, "मॅडम, मग्गा दिख रहा है क्या?"

"पथरी है, अंकल. छोटीसी."

काकांचा चेहरा उजळला. "दगडच आहे न? मंग हरकत नाही."

येताना टपरीवर त्यांनी आपल्या पेल्यात चहा घेतला. मला कागदी कप दिला. "तू तं मानत नाहीस."

मी कप धरून उभाच राहिलो. शेवटी म्हटलं, "काका, तुमचं झालं की पेला मले द्या."