शेवंतीची ओ

सुभद्राकाकी पहिल्या हाकेला कधी ओ देत नसे. मला वाटायचं, म्हातारी ठार बहिरी. कसली बहिरी! कौलावर चिंच पडली तरी तिला कळायचं.

मी तेव्हा सुर्ल्याच्या शाळेत शिक्षिका होते आणि तिच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहत होते. तिचा नवरा खनिजाच्या ट्रकावर होता. तो गेल्यावर ती एकटीच. मूलबाळ नाही. एकदा कसल्याशा अर्जावर अंगठा नको, सही कर, म्हणून मी तिला पाटीवर ‘सुभद्रा’ गिरवायला दिलं. तिने पाटी बाजूला सारली.

“ह्यां नाव तांदळातलां, बाय. माझां न्हय.”

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलेलं ते नाव. तिचं जन्माचं नाव शेवंती. माहेर तुयें. तिच्याआधीची दोन बाळं दगावली, तेव्हा आईने देवीला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेल्या शेवंतीच्या पाकळ्यांतली उजवीकडची पडली. हे मूल जगेल, असा देवीचा शब्द झाला.

“देवीन दिल्लां नाव तां. भटान इचारूक नाय, घोवान इचारूक नाय. तांदळात बोट फिरवल्यान, झालां!”

माहेरी गेली की तेवढं ते नाव तिच्या कानांवर पडायचं. त्या वर्षी थोरला भाऊही गेला.

“आता शेवंती म्हणान हाक मारणारा कोण रवला नाय. तू मार मगे.”

आईहून मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची? जीभच रेटेना. ‘शेवंतीकाकी’ म्हणून पाहिलं, तर खवळली. “काकी कित्याक? माझी आवय माका काकी म्हणी?”

मी हसले. ती नाही हसली. अर्जावर तिने शेवटी अंगठाच उठवला. त्यानंतर रोज संध्याकाळी ती दारात बसून माझ्याकडे बघायची आणि मी वह्या तपासत मान खाली घालायचे. भित्री मेली मी!

माझी बदली झाली. ती बसपर्यंत पोचवायला आली, काजूगरांची पुडी हातात कोंबली आणि मागे सरली. बस सुटली. लाल धुळीत ती एकटी उभी दिसली. खिडकीतून डोकं काढून मी ओरडले, “गो शेवंते!”

“ओ!”

पहिल्या हाकेला! मळ्यातून आईने बोलावलेल्या पोरीसारखी. वळण येईपर्यंत तिची ओ ऐकू येत होती.

दोन वर्षांनी ती गेल्याचं कळलं. इतके दिवस भिंतीला भिंत लागून राहिलो आणि तिच्या नावाने मी तिला एकच हाक मारली. तीही निघून जाताना.