वरचे दोन दात

कळपातल्या एडक्याने मान वर केली आणि नेमके त्याच वेळी आबा खाली वाकले. एवढंच झालं, पण वरचे समोरचे दोन दात गेले. साठी ओलांडलेल्या माणसाचे दोन दात गेले तर आमच्या भागात कोणी चौकशीसुद्धा करत नाही. पण माझे वडील मेंढपाळ. मांजरसुंब्याच्या आसपासच्या डोंगरांवर मेंढ्या चारतात आणि शीळ घालून त्यांना वळवतात. बोटं लावायची नाहीत, जीभ दुमडून त्या दोन दातांना टेकवायची आणि वारा सोडायचा. दात गेले तशी शीळही गेली. नुसता फुस्स आवाज यायचा आणि मेंढ्या ढुंकूनही बघायच्या नाहीत.

कळपात धाकट्या काकांची भागीदारी. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "दादा, मेंढरं तुझं ऐकंनात. माझ्या गुडघ्यानं त्यांच्यामागं पळणं होत न्हाई. उन्हाळ्याच्या आत इकून टाकू." कळप गेला तर आबा दिवसभर करणार काय, हा प्रश्न काकांना पडला नव्हता. मला पडला आणि रागही आला. मी बीडला शाळेत शिकवते. पुढच्याच आठवड्यात आबांना दाताच्या दवाखान्यात नेलं.

आधी काढघालीचे दात केले. पहिलीच शीळ घालताना ते सुटून ओढ्यात गेले आणि आबा हात हलवत घरी आले. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इम्प्लांट करू. हाडात बारीक स्क्रू बसवायचा, हाडाने तो पक्का धरला की त्यावर दात चढवायचा.

गावात ही बातमी माझ्या आधी पोचली. चहाच्या टपरीवर एकाने स्क्रू थेट मेंदूपर्यंत नेला. दुसऱ्याने सांगितलं की हे दात मेलेल्या माणसांचे काढून आणतात. तिसरा म्हणाला, उघड्या डोंगरावर हिंडणाऱ्याने तोंडात लोखंड ठेवलं तर वीज नेमकी तिथंच पडणार. यातल्या एकानेही इम्प्लांट कधी डोळ्याने पाहिलं नव्हतं, पण बोलताना अडखळला कोणीच नाही. डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं ऐकवलं, तेव्हा त्या खुर्चीवर मागे रेलून हसल्या.

आबांना मात्र वेगळीच धास्ती होती. वरच्या दाताला हात लावला की नजर जाते, हे आमच्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. मेंढपाळाला समोरच्या डोंगरावरची मेंढी दिसावी लागते. शीळ परत आणताना नजर गेली तर हाती काय राहणार? बाईंनी एक्स-रे दाखवला, डोळ्याची नस वेगळी असते हे समजावून सांगितलं. आबा मान हलवत राहिले. त्यांना काडीचंही पटलं नव्हतं.

परत येताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. मध्येच मला म्हणाले, "बाई, मेंढीला वरचे म्होरचे दात असत्यात का?"

मला काय माहीत! मी मराठी आणि इतिहास शिकवते.

"नसत्यात. नुसती निबर हिरडी असती. मग ती लांडगा आमच्या आदी कशी बघती?"

नजरेचा प्रश्न तिथेच मिटला. मग वयाचा निघाला. बाजारात मेंढीचं वय दातावरून ठरतं, आणि दात कानशीने घासून म्हातारी मेंढी तरणी म्हणून खपवणारे आबांना चोरांपेक्षा वाईट वाटतात. "मी तसलंच करायलो का?" असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. "तुम्हाला कुठं बाजारात न्यायचंय?" असं मी म्हणाले, तेव्हा ते तोंडापुढे टॉवेल धरून खूप हसले. डॉक्टरीणबाई वयाला अडल्या नाहीत. त्यांनी हाड पाहिलं, रक्तातली साखर पाहिली आणि होकार दिला.

दिवाळीनंतर स्क्रू बसले. दुखण्याची तक्रार आबांनी केली नाही. मांजरसुंब्याला उतरल्यावर गरम चहा पिऊ दिला नाही, ही मात्र केली. घरी सगळ्यांना वाटत होतं की सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी दात घेऊन येईल. फट तशीच बघून काका म्हणाले, "फसविलं रं दादा तुला!" हाड धरायला तीन-चार महिने लागतात, हे मी ज्याला त्याला सांगत बसले. वर तंबाखूवरून भांडण झालं. स्क्रूला तंबाखू काय करणार, असं आबांचं म्हणणं. स्क्रूला काही होत नाही, भोवतालचं हाड धरत नाही, असं म्हणून मी डबीच उचलून बीडला घेऊन आले.

होळीच्या सुमारास दात चढले. देखणे झाले, पण शीळ आली नाही. पुन्हा तोच फुस्स आवाज. मी पार खचले. दात आले की शीळ येणार, ही माझी स्वतःची समजूत होती, टपरीवरची नव्हे. "परके हायत. जिभंला वळख न्हाई," आबा म्हणाले. डोंगरावर एकटे असले की ते शीळ घालून बघायचे. मी फोन केला की आधीच सांगायचे, "न्हाई आली."

पाडवा उलटला आणि काकांनी गेवराईचा व्यापारी बोलावला. मी मुद्दाम गेले. टेम्पो रस्त्याला उभा होता, काका आणि व्यापारी माळावर बोलत होते. आबा जरा बाजूला उभे होते, परक्या माणसासारखे. तेवढ्यात कळप उतारावरून कोणाच्या तरी भुईमुगाकडे घसरला. काका ओरडले, व्यापारीही ओरडला. मेंढ्या थांबल्या नाहीत.

आणि शीळ आली. लांब, धारदार. ती आपणच घातली हे आबांना आमच्यानंतर कळलं असावं, कारण क्षणभर त्यांनीही मागे वळून बघितलं. मेंढ्या जागच्या थांबल्या आणि वळल्या. हिवाळ्यात जन्मलेल्या कोकरांनी ही शीळ कधी ऐकलीच नव्हती. ती कान टवकारून तिथेच उभी राहिली, मग आयांच्या मागे धावत सुटली.

मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही. काकांनी व्यापाऱ्याकडे बघितलं. "जा बे, टेम्पो घेऊन जा," ते म्हणाले, "इकायचं न्हाई."

आबांचं लक्ष कोकरांकडे होतं.

"ह्यान्ला शिकवावं लागंल," ते म्हणाले आणि उतार उतरू लागले.