तीन किलो जास्त

काट्यावर आकडा आला एकशे तीन. मी पोती उतरवली, काटा शून्यावर आणला, पुन्हा चढवली. एकशे तीनच.

यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. सांगते. जिनिंगमध्ये शंभर किलो कापूस टाकला, की मशीन रुई वेगळी काढते आणि सरकी वेगळी. सरकी म्हणजे कापसाचं बी. दोन्ही मिळून अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव भरतात, बाकीचा धूळकचरा उडून जातो. मी या कामात कचरा वेचणारी म्हणून आले, आता सुपरवायझर आहे. इतक्या वर्षांत कमी भरलेलं रोज पाहिलं. जास्त भरलेलं पहिल्यांदाच. कापूस म्हणजे काही कणीक नाही फुगायला.

"जास्त भरलं तं रडून काहून राहिली, मावशी?" शेठ हसले. आमच्या अकोटच्या जिनिंगचे मालक, माझ्या धाकट्या लेकाच्या वयाचे.

"शेठ, ही आपल्या मशीनमधली जुनी सरकी हाय. रामभाऊच्या बियात गेली."

शेठचं हसू गेलं.

रामभाऊ दर्यापूरकडचे शेतकरी. बारा वर्षं आपल्याच वावरातली चांगली झाडं निवडून त्यांनी एक वाण जपलं होतं, घरचं बी घरीच पेरता येईल असं. दरवर्षी त्यांची बायको हातानेच सरकी काढायची. त्या वर्षी पाच शेजाऱ्यांनी बी मागितलं, म्हणून दोन क्विंटल कापूस इथे आणला. घरी मूठभरही मागे ठेवलं नव्हतं. आणि बाजारच्या कापसाची सरकी दिसायला अगदी तशीच. एकदा मिसळली की मी काय, कोणीच निवडू शकत नाही.

सकाळी मी सगळी लाइन बंद करायला लावली तेव्हा शेठ ओरडले होते, "बाहेर सतरा गाड्या उभ्या हायेत!"

"गाड्या उद्याबी खाली होतीन. बी मिसळलं तं उद्या वेगळं होत नाही."

दोन तास मिळाले. झाडलं, पुसलं, ब्लोअर मारला. आमच्या सगळ्या मशीनची सरकी खाली एकाच लोखंडी नळीत पडते, तिला कन्व्हेअर म्हणतात. तिच्या शेवटच्या वळणावर एक झाकण आहे, चार नटांचं. फिटर सलीमभाईंनी विचारलं, "झाकन खोलू क्या, मावशी?" मी नळीच्या तोंडाशी हात घालून पाहिला, साफ लागलं. गाड्यांचे हॉर्न वाजतच होते. म्हटलं, राहू द्या.

मात्र दहा पोत्यांपैकी पाचच टाकली. "एकदम टाक नं," शेठ म्हणाले. मी नाही ऐकलं. मला काही शंका आली होती असं नाही, माझी ती सवयच आहे. कापूस पोत्यात आहे तोवर त्याचं काहीही करता येतं.

तर, एकशे तीन.

रामभाऊ राहिलेल्या पोत्यांशी उकिडवे बसले होते. "ताई, किती गेलं?"

"अर्धं. चूक माझी हाय, भाऊ. झाकण खोलाले मीच नाही म्हटलं."

त्यांनी उरलेली पोती मोजली. मग म्हणाले, "मंग अर्धं तं हाय."

सलीमभाईंनी झाकण उघडलं. आत ओंजळीओंजळीने जुनी सरकी चिकटून बसलेली. त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"हे राह्यलेलं घरी नेतो," रामभाऊ म्हणाले. "बायको काढीन हातानं. बोटं आखडली हायेत तिची, पन काढीन."

"न्या. पन आधी एक पोतं पाहू. बिघडलं तं चार तुमच्यापाशी राह्यतेच."

त्यांनी हो म्हणून मान हलवली, तेव्हाच मी पोतं उघडलं. या वेळी कन्व्हेअरचा संबंधच नको म्हणून एकच मशीन पुन्हा साफ केली, तिच्याखाली ताडपत्री अंथरली आणि सरकी थेट तिच्यावर पाडली. काम अगदी सावकाश. वीस किलो टाकले, पावणेवीस आले. रामभाऊंनी स्वतः काटा दोनदा पाहिला. मग दुसरं पोतं, तेही वजन करून. संध्याकाळी पाचही झाली. शंभराचे साडेअठ्ठ्याण्णव.

"कमी भरलं, मावशी," शेठ म्हणाले. "आता हास."

पहिल्या पाच पोत्यांची सरकी तेलासाठी विकायच्या ढिगात गेली. पाच शेजाऱ्यांऐवजी दोघांनाच बी मिळालं. पण वाण राहिलं.

माझं म्हणाल तर, त्या दिवशी मी सतरा गाड्या अडवण्याची हिंमत केली आणि चार नट खोलायचा कंटाळा केला. गाड्या पुन्हा सुरू होतात, नट पुन्हा बसतात. या दोन्हींचा विचार करायला मुळात एवढा वेळ लावायचाच नसतो. विचार करायचा तो कापूस मशीनच्या तोंडाशी धरलेला असताना.

यंदा रामभाऊ तीन क्विंटल घेऊन आले. सोबत स्वतःची ताडपत्री होती, आणि घरच्या कोठीत एक पोतं मागे ठेवलेलं.