दगडावर पिळलेलं लिंबू

निवृत्तीनंतर काहीतरी छंद लावून घ्या, असं सगळे सांगतात. कुठला, ते कुणी सांगत नाही. माझ्या मैत्रिणीने जीवाश्म निवडले. ती बँकेतून निवृत्त झालेली, मी कॉलेजच्या ग्रंथालयातून. पनवेलमध्ये आमच्या इमारती समोरासमोर, त्यामुळे सकाळचा चहा एकीकडे नाहीतर दुसरीकडे.

"दिवाळीनंतर मी मुलाकडे बंगळुरूला जातेय. कायमची," एका सकाळी ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिने पुढचंही सांगून टाकलं, "त्याआधी आपण दोघींनी एक तरी खरा जीवाश्म शोधायचा. इथलाच."

मी सवयीने आधी वाचून काढलं. जे हाती आलं ते फारसं उत्साहवर्धक नव्हतं. आपल्याकडचा सगळा दगड लाव्हारसाचा. उकळत्या दगडात कोण कशाला राहायला जाईल?

"म्हणजे स्पर्धा नाही," मैत्रीण म्हणाली.

सामान घरातच निघालं. हातोडी, दात घासायचा जुना ब्रश, गुंडाळायला रद्दी, आणि डोळ्यांत कपची जाऊ नये म्हणून तिच्या मुलाने कॉलेजात मिरवलेला गॉगल. तो घालून ती हुबेहूब फरारी गुन्हेगार दिसायची.

पहिलं यश फार लवकर आलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. कोन गावाजवळ रस्त्याकडेला फोडलेल्या दगडांच्या ढिगात एका चिपेवर नेच्याच्या पानासारखी नाजूक काळी नक्षी सापडली. मैत्रिणीने फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात अध्यक्षांनी शाल-श्रीफळासह सत्कार जाहीर केला. रात्री मी पुस्तक उघडलं. दगडाच्या भेगेत खनिजाचं पाणी झिरपलं की अशीच नक्षी उमटते, पानाचा त्यात काही संबंध नाही. आम्ही अध्यक्षांना तसं कळवलं. ते म्हणाले, "अहो, बॅनर छापून झालाय." सत्कार झालाच. भाषणं पाऊण तास चालली, त्यात दगडाचा उल्लेख आला नाही, आणि नारळ मात्र गोड निघाला.

मग आम्ही लिंबू बरोबर घ्यायला लागलो. शिंपला म्हणजे चुना. दगड जरा खरवडून त्यावर आंबट काही टाकलं आणि बारीक फेस आला, तर आत शिंपले असायची आशा. आपला काळा दगड ढिम्म राहतो. आठवडाभर सगळं पनवेल ढिम्म राहिलं. तिकडे मैत्रिणीचं सामान खोक्यांत भरून होत आलं होतं.

जवळच्या ओवे गावात एका जुन्या विहिरीचा कठडा पाडला होता. त्याचे दगड वाटेत पडलेले, काळ्यांमध्ये काही पिवळट, खरबरीत. मैत्रीण गॉगल घालून उकिडवी बसली, एक दगड खरवडला आणि त्यावर लिंबू पिळलं. मी वाकून बघत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"ए बायांनो! कुनावर करणी करताय?"

समोरच्या घरातून एक बाई हातात झाडू घेऊन आली होती. विहीर त्यांचीच. तिच्या मागे आणखी दोघी. तिठ्यावर, पाडलेल्या विहिरीपाशी, दोन अनोळखी म्हाताऱ्या लिंबू पिळताहेत, त्यातली एक काळ्या चष्म्यात. माझंही तेच मत झालं असतं.

"करणी नाही हो," मी म्हणाले, "आम्ही मेलेले प्राणी शोधतोय."

यामुळे काही सुधारलं नाही.

"आमच्या गावात असला परकार नाय चालायचा!"

"अगं, फेस!" मैत्रीण ओरडली. "फेस आला!"

झाडू खाली आला. तिघी वाकल्या. दगडावर बारीक बुडबुडे खरंच फुटत होते. "दगूड पन सोडा पितो की काय," मागची एक म्हणाली. मग हसू फुटलं ते कुणाला आवरेना. झाडूवाली घरातून आणखी चार लिंबं घेऊन आली. आम्ही पाचही जणींनी दगडांच्या ढिगावर ती पिळून काढली.

"हातोडी मारू का?" मैत्रिणीने विचारलं.

"मारा की. उद्या डंपर येनार हाय, जाईल तेवढं न्या."

दुसऱ्याच घावाला दगड उकलला. एका अर्ध्यात शिंपला, त्याच्या रेघा अजून ठसठशीत. दुसऱ्या अर्ध्यात त्याच रेघांचा खोलगट ठसा. किनाऱ्याची वाळू आणि शिंपले घट्ट होऊन हा दगड बनतो. तज्ज्ञ त्याला जीवाश्म म्हणायला कुरकुरतात, वय कमी पडतं म्हणे. मैत्रीण म्हणाली, "निवृत्तीचं वय नक्की उलटलंय. चालेल."

वाटणीवरून आम्ही परतीच्या रिक्षाभर भांडलो. दोघींनाही समोरचीला शिंपला द्यायचा होता. शेवटी तिने ठसा आपल्या पिशवीत टाकून वर रद्दी कोंबली आणि विषय संपवला.

परवा बंगळुरूहून फोन आला. त्यांच्या सोसायटीच्या बागेत मोठाले दगड मांडलेत.

"सगळ्यांवर पिळून बघितलं गं. एकही बोलत नाही."

"कुणी हटकलं?"

"वॉचमनने. त्याला इंग्रजीत सांगितलं, तर त्याने सलाम केला. ओव्याची मजा नाही. तू कधी येतेस? लिंबं इथे मिळतात, हातोडी तेवढी आण."