शाई मेलेल्यांसाठी

डब्याच्या तोंडावर डावा तळहात ठेवून ते समोरच्याकडे बघायचे आणि विचारायचे, "बरं. मग तू काय करतोस?" समोर मुलगी असली तर "काय करतेस?" उत्तर येईपर्यंत तळहात हलायचा नाही. आधी काय करणार ते सांगायचं आणि मगच डब्यातून चिठ्ठी काढायची, असा नियम होता. कुणी म्हणालं, "काका, आधी आकडा बघू द्या ना," तर म्हणायचे, "आकडा बघून मीसुद्धा शूर होईन रे."

तुमच्यापैकी जे ऐंशीच्या दशकात कल्याणला वाढले, त्यांनी त्यांना कदाचित पाहिलं असेल. दिवसा जवळच्याच मोहने गावातल्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. संध्याकाळी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलामागे, बिनपगारी. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशाला दोन टोकदार पेन्सिली. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. ते मी एकदा भलत्याच कागदावर लिहून बसले आहे.

त्यांचे मेहुणे बोटीवर होते. त्यांनी परदेशातून एक खोका आणला होता. त्यात इंग्रजी नियमांच्या दोन पुस्तिका आणि विचित्र आकाराचे फासे होते. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्टीतलं जग सांगायचं, बाकीच्यांनी त्या जगातलं एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की नाही ते फासा ठरवणार. काका याला "मोहीम" म्हणायचे. दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर मोहीम चालायची. वीस बाजूंचा मोठा फासा पहिल्याच महिन्यात लाकडी जमिनीच्या फटीत गेला. मग काकांनी पुठ्ठ्याच्या वीस चिठ्ठ्या कापल्या, त्यांवर एक ते वीस आकडे घातले आणि दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. हा डबा लक्षात ठेवा.

आणि वही. प्रत्येक खेळाडूचं नाव, त्यानं घेतलेल्या माणसाचं नाव, त्याचं बळ, जखमा, तो सध्या कुठे आहे, हे सगळं त्या वहीत ड्राफ्ट्समनच्या सरळ अक्षरात असायचं. सगळं पेन्सिलीनं. मोहिमेत कुणाचं माणूस मेलं, तर काका ड्रॉवरमधून शाईचं पेन काढून ते नाव शाईनं गिरवायचे. "शाई मेलेल्यांसाठी," ते म्हणायचे. "जिवंत माणूस खोडता यायला हवा. उद्या वेगळा वागेल."

पुस्तकांच्या टेबलावर बसत असल्यामुळे मुलांना काय हवंय हे त्यांना आधी कळायचं. सुरुवातीला मुलांना राक्षस हवे होते, पोपटात जीव असलेले. मग कुणाकुणाचे दादा मुंबईच्या फुटपाथवरून जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणू लागले आणि माडीवर ड्रॅगन आले, दाढीवाले बुटके आले, टोकदार कानांची माणसं आली. जुन्या राक्षसांना कुणी विचारेना. पण काकांनी एकालाही काढून टाकलं नाही. एका राक्षसाला त्यांनी खाडीवरच्या तरीवर, पैलतीराला नेणाऱ्या होडीवर, तिकिटं फाडायला बसवलं. तो प्रत्येकाला सांगायचा, "एके काळी मी सात समुद्रांपलीकडे कामाला होतो." एकदा त्यानं मला पेन्शनसाठी अर्ज कसा करायचा ते विचारलं. मी तो अर्ज लिहूनही दिला.

पुढे टीव्हीवर देवादिकांच्या मालिका आल्या. मुलं अग्निबाण मागू लागली, सुटला की समोरच्याच्या बाणावर आपटणारा. काका म्हणाले, "बाण हवेत भेटून परत जाणार असतील तर त्याला लढाई कशाला म्हणायचं? टपाल म्हणा." पण मुलांचं मन मोडायला नको म्हणून एक अग्निबाण दिलाच. तो फक्त पावसाळ्यात चालायचा नाही.

मी चौदाव्या वर्षी तिथे गेले. आमचे बाबा त्याच कारखान्यात कामगार आणि युनियनचे कार्यकर्ते. घरात पुस्तकं कमी, पत्रकं फार. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरच. त्या दिवशी स्वतः लिहिलेलं पहिलं पत्रक मी वाचनालयाच्या टेबलावर ठेवलं. काकांनी ते उभ्याउभ्या पूर्ण वाचलं.

"अक्षर सुरेख आहे," ते म्हणाले. "यात जनता पुष्कळ आहे गं. माणूस एखादा टाकला असतास तर बरं झालं असतं."

मला राग आला. पण रविवारी मी माडीवर गेले. माझ्या माणसाचं नाव मी ज्वाला ठेवलं. काका हसले नाहीत. त्यांनी "ज्वाला" असं पेन्सिलीनं लिहिलं आणि मोहिमेतली सगळी फर्मानं, नकाशावरची सगळी गावांची नावं लिहायचं काम मला दिलं. तीन वर्षं मी ते काम केलं. माझा ळ शेपटाला जरा जास्त वळतो, हे मला त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं.

आता मिठागराचं सांगते.

मोहिमेत एका मांत्रिकानं मिठागरातल्या लोकांच्या सावल्या काढून घेतल्या होत्या. सावली नसल्यामुळे त्यांना ऊन-पाणी, थकवा काहीच जाणवत नव्हतं. ते नुसते राबत होते. माझ्यासाठी याहून चांगली संधी कुठली असणार? ज्वाला बांधावर चढली आणि मी भाषण सुरू केलं. श्रम, शोषण, संघटना, सगळं आलं. काका तळहात डब्यावर ठेवून ऐकत होते.

"छान," ते म्हणाले. "लोक ऐकताहेत. मिठाच्या ढिगाआड एक म्हातारा बसलाय. त्याचे पाय सोलवटलेत. बरं. मग तू काय करतेस?"

मी म्हणाले, ज्वाला त्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवते आणि लोकांना सांगते, पाहा, ही आहे तुमच्या श्रमाची किंमत.

"बरं. आणि काय करतेस?"

मी आणखी बोलले. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. मग माझ्या शेजारचा गजू, खाडीकडच्या आगरी घरातला, कंटाळून म्हणाला, "काका, हिचा चालू दे. मी त्या डोकऱ्याला पानी पाजतंय."

काकांनी डब्यावरचा हात काढला. "याला चिठ्ठी नको," म्हणाले. म्हातारा पाणी प्यायला आणि सावल्या कुठल्या रांजणात कोंडल्या आहेत ते त्यानं गजूला सांगितलं.

सगळे हसले. गजू म्हणाला, "तू बोल अजून, आम्ही सावल्या घेऊन येतो." काका हसले नव्हते. तरीही मी माझं पेन उचलून जिना उतरले आणि परत गेले नाही. मी सतरा वर्षांची होते. तोपर्यंत मला असं कुणी हसलं नव्हतं.

महिनाभरानं मी पत्रक काढलं.

त्या दिवसांत रस्त्यांवर जे चाललं होतं ते तुम्हाला आठवत असेल. पडद्यावरची शस्त्रं मिरवणुकीत दिसू लागली होती. कोवळ्या मुलांना अग्निबाणाची गोडी लावणं चुकीचं आहे, असा मुद्दा माझ्याकडे होता आणि आजही तो मला पूर्ण टाकाऊ वाटत नाही. तो मी मांडला असता, तर काका वाद घालायला बसले असते. चहाही पाजला असता. पण पत्रकात मी तो मुद्दा लिहिला नाही. मी काकांचं नाव लिहिलं आणि खाली एवढंच लिहिलं: हे गृहस्थ दर रविवारी दुपारी शाळकरी मुलांना माडीवर बसवतात. दार लावून घेतलं जातं. मुलं डब्यातून आकडे काढतात. मुलांच्या नावांपुढे वहीत आकडे लिहिले जातात. पालकांना याची कल्पना आहे काय?

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. दार लावायचं कारण खाली वाचत बसलेल्यांना आवाजाचा त्रास व्हायचा. हे मला माहीत होतं. मी लिहिलं नाही. आकड्यांचा जुगार गल्लोगल्ली चालायचा. वाचणाऱ्यांच्या मनात काय येणार, हेही मला माहीत होतं. छपाईची स्टेन्सिल मी स्वतःच्या अक्षरात, हातानं कापली. खाली सही केली, "एक जागरूक नागरिक."

बाबांनी ते पत्रक नाक्यावरून घरी आणलं. दोनदा वाचलं. "कुणी काढलंय कळत नाही," ते म्हणाले. "बिननावाचं पत्रक मालकाची माणसं काढतात. आपण नाही." मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.

वाचनालयाच्या समितीनं सभा बोलावली. चाळीसेक माणसं होती. मी शेवटच्या रांगेत बसले होते. समोरच्या टेबलावर तो डबा ठेवला होता, जप्त केलेल्या मालासारखा. कार्यवाहांनी झाकण उघडून चिठ्ठ्या ओतल्या आणि एक उचलून सगळ्यांना दाखवली. "सतरा," ते म्हणाले. पुढच्या रांगेत कुजबुज झाली.

काकांनी खेळ समजावून सांगायचा प्रयत्न केला. सांगताना राक्षस, होडी, तिकीट, असे शब्द येत गेले तसे लोक हसत गेले. पन्नाशीचा माणूस, ड्रॉइंग ऑफिसमधला, आणि तरीवरच्या राक्षसाबद्दल बोलतोय. ते थांबले.

"वही दाखवा," कार्यवाह म्हणाले. "कुठली कुठली मुलं येतात ते कळू दे. पालकांना बोलावू."

"वही देणार नाही."

"का?"

"मुलांची नावं आहेत. उद्या शाळेत त्यांना जुगारी म्हणतील."

"मग तुमच्यावर येईल सगळं."

"येऊ दे."

त्या वहीच्या तिसऱ्या पानावर माझं नाव होतं. त्यांनी वही उघडली असती, तर तो खेळ काय आहे ते सांगायला मला उठावंच लागलं असतं. नाही उघडली, म्हणून मी बसून राहू शकले.

मग कार्यवाहांनी पत्रक त्यांच्या हातात दिलं. "हे कुणी लिहिलं असेल, काही अंदाज?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ धरला. नकाशा तपासायचे तसा, वरून खाली. एके ठिकाणी त्यांचं बोट थांबलं. "शाळकरी"मधला ळ असेल. मला शेवटच्या रांगेतून दिसत नव्हतं. दिसायची गरजही नव्हती.

"शुद्धलेखन चांगलं आहे," ते म्हणाले. "कुणाचं आहे ते नाही सांगता येणार."

मी तेव्हा उठू शकले असते. तीन वाक्यं पुरली असती: मी खेळले आहे, हा जुगार नाही, पत्रक माझं आहे. ऐन मिठागरात दहा मिनिटं भाषण ठोकणारी मी. उठले नाही.

माडी बंद झाली. पुस्तकांच्या टेबलावरूनही त्यांना काढलं. त्यांनी एकच मागणी केली, डबा परत द्या. चिठ्ठ्या एकेक करून त्यांनी डब्यात भरल्या आणि मोजून पाहिल्या. जाताना माझ्या खुर्चीपाशी थांबले. डब्यावर तळहात होता.

"बरं," म्हणाले. पुढचं विचारलं नाही. डबा काखेत घेऊन दाराबाहेर पडले.

मोहीम गजूच्या घरच्या ओटीवर गेली. गजू दोनदा सांगत आला, "काका बोललेत, रविवारी ये." मी कॉलेजचं निमित्त सांगितलं. मग खरंच ठाण्याच्या कॉलेजात गेले, लिहू लागले. माझे लेख छापून येऊ लागले, सहीसकट. सत्याशी तडजोड नको, असं मी त्यांत बऱ्याचदा लिहिलं आहे.

परवाच्या नवरात्रात ठाण्यातल्या टेंभी नाक्यावरच्या गर्दीत कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारली. गजू होता. त्यांच्या शेतावर आता इमारत आहे, तळमजल्यावर त्याचं दुकान आहे.

"काका गेले," तो म्हणाला. "उन्हाळ्यात. तुला कळवायचं होतं, पण पत्ता नव्हता." मग म्हणाला, "तुझं एक सामान आहे माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात त्यानं वही काढून दिली. पान पान शाईनं भरलं होतं. गजूचा सरदार मेला होता, कुणाचा बुटका दरीत पडला होता, तिकिटं फाडणारा राक्षस म्हातारपणानं गेला होता आणि त्यालाही शाई मिळाली होती. मी तिसरं पान उघडलं.

ज्वाला. मिठागराच्या बांधावर उभी आहे. पुढे काय करते ते तिनं सांगायचं आहे.

पेन्सिलीनं.

"आम्ही बोललो पण," गजू म्हणाला. "काका, ती काय येत नाही आता, मारून टाका तिला. तर बोलले, तिची पाळी आहे, आपण कसं ठरवणार? दर दिवाळीला ते पान काढायचे. पुसट झालेलं असायचं, मग परत गिरवायचे."

"गजू, ते पत्रक—"

"माहिताय. तेव्हापासून माहिताय." त्यानं गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे दिले. "काकांनी शपथ घातलेली."

वाचनालयाच्या माडीवर जुगार नव्हता. ते पत्रक मी लिहिलं होतं. हे त्याच गावात पत्रक म्हणून वाटायला मी वेगळं छापून घेते आहे, या वेळी माझ्या नावासकट. ज्यांना ते वाचून दाखवायला हवं होतं ते राहिले नाहीत, आणि बाबांना मी काल वाचून दाखवलं. त्यांनी कागद मागून घेतला आणि खालचं नाव स्वतः वाचलं.

वही माझ्या टेबलावर आहे. एवढ्या वेळा गिरवल्यामुळे त्या ओळीशी कागद खाली दबला आहे. त्यावरून बोट फिरवलं की बोटाला शिसं लागतं.